आयसी बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

महोदय,

घरच्या घरी गिटारचे इफेक्ट पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बसणारी, आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी) बनवण्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सर्किटची आकृती स्वच्छ होती, पार्टची यादीही नीट होती. पण बोर्ड जोडून झाल्यावर ॲम्पमधून आवाजच आला नाही तर पुढे काय, यावर त्यात एकच ओळ होती: आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, बदलून पाहा. दुकानात गेले तरी हेच ऐकायला मिळते. खरे तर घरी जोडलेल्या बोर्डात आयसी बिघडलेला निघणे तसे दुर्मीळच. दोष बहुतेक वेळा सोल्डरमध्ये, वायरिंगमध्ये, उलट्या बसलेल्या पार्टमध्ये नाही तर चुकीच्या रेझिस्टरमध्ये असतो आणि तो शोधायला साधा मल्टीमीटर पुरतो. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या पोरांनी नऊ व्होल्टच्या डबीपुढे हात टेकू नयेत.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे असे सर्किट छापाल तेव्हा आयसीच्या आणि ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक पायावर किती व्होल्ट दिसायला हवेत, तेही शेजारी छापा. चार ओळींची जागा लागेल. ते आकडे नसले की वाचणारा अंदाजाने एकेक पार्ट उपटत बसतो. दोन-तीनदा उपटले की तांब्याचा ट्रॅकच उचलून येतो. मूळ दोष राहतो बाजूला आणि नवा तयार होतो. तोवर टीएल ०७२ किंवा ४५५८ हा आयसी घातलेल्या साध्या ओव्हरड्राइव्हसाठी आणि दोन ट्रान्झिस्टरच्या फझसाठी (दोन्ही आवाज मुद्दाम फाडणारी पेडल) पुढचा क्रम उपयोगी पडावा.

आधी बायपासमध्ये, म्हणजे स्विचने बोर्डाला वळसा देऊन, आवाज येतो का ते पाहा. येत नसेल तर बोर्डाला हात लावू नका. दोष जॅक, वायर किंवा फुटस्विचमध्ये आहे. एलईडी पेटला म्हणजे बोर्ड चालू आहे असे अनेकांना वाटते. नऊ पायांच्या फुटस्विचमधले तीन पाय त्या एलईडीसाठी वेगळे राखलेले असतात. तो पेटला तर सप्लाय आत आला आणि स्विच फिरला, एवढेच कळते. स्विच जोडण्याआधी मीटर कंटिन्युटीवर (दोन टोके जुळलेली असली की बीप वाजते ती खूण) लावून पाहा: मधल्या रांगेतला पाय वरच्याला किंवा खालच्याला जुळला पाहिजे, शेजारच्याला कधीच नाही. चपटे पाय आडवे ठेवून आकृती काढलेली असते. स्विच चुकून पाव फेरा फिरवून बसवला की सगळी जोडणी चुकते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. सोल्डर करताना सोल्डरिंगची इस्त्री एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतले प्लास्टिक मऊ होऊन कॉन्टॅक्ट कलतो आणि मग स्विच एकदा दाबला की लागतो, दुसऱ्यांदा लागत नाही.

आता सप्लाय. पेडलच्या अडॅप्टरची प्रथा अशी की पिनच्या मध्ये निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर मात्र सहसा याच्या उलट, मध्ये पॉझिटिव्ह असतो, वर बऱ्याचदा १२ व्होल्टचा. पिन तीच, ५.५ बाय २.१ मिलिमीटरची, त्यामुळे ती बिनदिक्कत आत जाते. सप्लायला आडवा १ एन ४००१ डायोड असेल तर तो पार्ट वाचवायला स्वतः मरतो आणि मरताना शॉर्ट होतो. त्यानंतर योग्य अडॅप्टर लावला तरी पेडल गप्पच, कारण सप्लायच ग्राउंडला टेकलेला असतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा: चांगला डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून शून्य आले तर डायोडचा एक पाय बोर्डातून मोकळा करून पुन्हा मोजा, कारण शेजारचा शॉर्टही तसाच दिसतो.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना पॉझिटिव्हच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घालावा. टीएल ०७२ आणि एलईडी मिळून साधारण ५ मिलिअँपिअर घेतात, म्हणजे त्या रेझिस्टरवर अर्धा व्होल्ट पडेल. चार-पाच व्होल्ट पडले तर कुठेतरी शॉर्ट आहे. रेझिस्टर बोटाला चटका देण्याइतका तापला तर बॅटरी ताबडतोब काढा. आयसी मात्र यात वाचतो. बॅटरीवर तपासताना आणखी एक फसगत होते: इनपुट जॅक स्टिरिओ असतो आणि बॅटरीचा निगेटिव्ह त्याच्या मधल्या कॉन्टॅक्टला जोडलेला असतो. साधी मोनो पिन आत घातल्याशिवाय बॅटरीचे सर्किट पुरेच होत नाही. पिन न घालता मोजत बसले तर सगळीकडे शून्यच दिसणार.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब क्रोकोडाइल क्लिपने जॅकच्या ग्राउंडला कायमचा अडकवा म्हणजे एक हात मोकळा राहतो. आठ पायांच्या दुहेरी ऑपॲम्पमध्ये (टीएल ०७२, ४५५८ हे त्यातलेच आयसी) पाय ८ वर सप्लाय, पाय ४ वर शून्य आणि १, २, ३, ५, ६, ७ या सगळ्यांवर सप्लायच्या निम्मे, म्हणजे ४.५ च्या आसपास दिसायला हवे. हे निम्मे दोन १० केच्या (१०,००० ओहमच्या) रेझिस्टरमधून तयार होते आणि त्या जोडावरून ग्राउंडला १० ते ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तिथेच ४.५ नसेल तर पुढे काहीही तपासण्यात अर्थ नाही. खालच्या १० केच्या जागी चुकून १ के बसला तर तिथे ०.८ व्होल्ट दिसतील, वरच्या जागी बसला तर ८.२. निळ्या पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी, लाल आणि केशरी रंग ट्यूबलाइटच्या उजेडात एकसारखे वाटतात, म्हणून प्रत्येक रेझिस्टर बोर्डात घालण्याआधीच मोजावा. बोर्डात बसल्यावर शेजारचे रेझिस्टर मिसळून आकडा कमी येतो. दोन्ही १० के बरोबर असून व्होल्टेज खाली बसत असेल तर तो कपॅसिटर उलटा असतो. त्याच्या अंगावरची पट्टी निगेटिव्हची. टँटलम कपॅसिटर जोडून आलेला माणूस ती पॉझिटिव्ह समजतो, कारण त्यावरची पट्टी पॉझिटिव्हची असते.

पाय १ किंवा ७ सप्लायच्या जवळ जाऊन, साधारण ७.५ च्या पुढे, किंवा दीड व्होल्टच्या खाली चिकटून बसला असेल तर त्या भागाचा फीडबॅक रेझिस्टर (आउटपुटच्या पायापासून इनपुटच्या पायाकडे परत येणारा) तुटला आहे, त्याचा सोल्डर कोरडा आहे किंवा इनपुटच्या पायापर्यंत ४.५ पोचतच नाहीत. हे तिन्ही नीट निघाले तरच आयसीवर संशय घ्या. तोही बदलण्याआधी बेसमधून (बोर्डावरच्या सॉकेटमधून) उपसून पालथा करून पाहावा. बेसमध्ये दाबताना एखादा पाय आत दुमडून पोटाखाली जातो. वरून आठही पाय बसलेले दिसतात, खाली एक लोंबत असतो. आयसी उलटा बसला होता आणि तापला होता असे आढळले तर मात्र दुकानदाराचा सल्ला बरोबर: तो गेला, नवा आणा.

आता एक बारकावा, ज्यात चांगले जाणकारही अडकतात. पाय ३ ला ४.५ व्होल्ट पुष्कळदा १ मेगच्या (दहा लाख ओहमच्या) रेझिस्टरमधून येतात. पिवळ्या रंगाच्या स्वस्त मीटरचा स्वतःचा रोधही १ मेगच असतो. प्रोब टेकवला की दोघांत वाटणी होऊन मीटर २.२५ दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटते बायस, म्हणजे हे ठरलेले निम्मे व्होल्टेज, गेला. सर्किट ठीक असते, मीटरच ते ओढून खाली आणतो. १० मेगच्या मीटरवर हाच आकडा ४.१ येईल. म्हणून स्वस्त मीटर असेल तर पाय ३ सोडून द्या आणि पाय १ पाहा. तिथे ४.५ असतील तर पाय ३ बरोबरच आहे.

ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये सगळ्यात मोठा घोळ पायांचा. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २ एन ३९०४ चा एमिटर, बेस, कलेक्टर. परदेशी सर्किटात ३९०४ असतो, बाजारात ५४७ सहज मिळतो, आणि तो आकृतीप्रमाणेच खोवला जातो. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, ही खरी अडचण. तो लंगडत चालतो: आवाज क्षीण, तुटक, तार सोडता-सोडताच विरणारा. सिलिकॉनच्या फझमध्ये पहिल्याच्या बेसवर ०.६, त्याच्या कलेक्टरवर साधारण १.३ आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवर ४.५ व्होल्ट धरून चला. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेसच्या आकृतीत दुसऱ्याच्या कलेक्टरला ८.२ केचा रेझिस्टर आहे, पण ती जर्मेनियमसाठी आहे. सिलिकॉन घालून तोच ठेवला तर कलेक्टर ३ च्या आसपास बसतो. त्याऐवजी १० केचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) घालून ४.५ लावून घ्यावेत.

जुन्या रेडिओतून एसी १२८ काढून खरा जर्मेनियम फझ करणारेही आहेत. हौसेला मोल नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जर्मेनियमची गळती उष्णतेने वाढते. डिसेंबरच्या रात्री लावलेला बायस एप्रिलच्या दुपारी टिकत नाही. आणि एसी १२८ पीएनपी असल्याने त्या सर्किटात पॉझिटिव्ह ग्राउंडला असतो. असे पेडल दुसऱ्या पेडलसोबत एकाच अडॅप्टरच्या माळेत लावले की त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरीच द्या.

व्होल्टेज सगळे बरोबर आणि तरीही आवाज नाही, अशा वेळी आवाजाचाच माग काढावा लागतो. जुन्या गिटार केबलचे एक टोक कापा. मधल्या तारेला १०४ नंबरचा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्ट किंवा वरचा कपॅसिटर सोल्डर करा. त्याचे मोकळे टोक हा तुमचा प्रोब. जाळीला क्रोकोडाइल क्लिप लावून ती पेडलच्या ग्राउंडला अडकवा, दुसरे टोक ॲम्पमध्ये, ॲम्पचा आवाज अगदी कमी. कपॅसिटर डीसी अडवतो, फक्त आवाज पुढे सोडतो. पेडलच्या इनपुटला फोनवरचा तानपुरा लावून ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर अखंड चालू असतो. फोनच्या स्टिरिओ पिनमधली फक्त डाव्या बाजूची तार आणि ग्राउंड मोनो पिनेवर घ्या, उजवी मोकळी सोडा.

मग इनपुट जॅकपासून पुढे चला. जॅक, स्विच, पहिल्या कपॅसिटरचे अलीकडचे टोक, पलीकडचे टोक, पाय ३, पाय १, डायोड, टोनचा पॉट (बटणाने फिरवायचा रेझिस्टर), व्हॉल्यूमच्या पॉटचे टोक आणि मधला पाय, आउटपुट. पाय ३ वर तानपुरा तेवढाच, पाय १ वर दणदणीत मोठा ऐकू आला पाहिजे. अलीकडे आहे आणि पलीकडे नाही, अशा दोन जागा सापडल्या की दोष त्यांच्यामध्येच. दोन ठिकाणी मात्र शांतता हाच योग्य निकाल असतो. पाय २ मधून सिग्नल आत घेणाऱ्या उलट्या जोडणीत त्या पायावर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, तो दोष नव्हे. तसेच त्या ४.५ व्होल्टच्या जोडावर आवाज येता कामा नये. आला तर तिथला कपॅसिटर जोडलेलाच नाही. हा प्रोब नऊ-बारा व्होल्टच्या पेडलपुरताच. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये शेकडो व्होल्ट असतात, तिथे तो अजिबात नेऊ नका.

आवाज येतो पण पातळ, खर्जच नाही, असे असेल तर आउटपुटचा कपॅसिटर पाहा. १०० केच्या व्हॉल्यूमपुढे १०४ ऐवजी १०२ बसला तर १६०० हर्ट्झच्या खालचे सगळे उतरत जाते आणि गिटार डास गुणगुणल्यासारखी वाजते.

सोल्डरचे काय सांगावे! चांगला जोड डोंगराच्या उतारासारखा पायाला वर चढतो. वाईट जोड गोळी होऊन बसतो, निस्तेज दिसतो आणि पार्ट हलवला की बारीक रेघ उमटते. ६०-४० चे सोल्डर, २५ वॅटची इस्त्री, आधी पाय आणि तांबे दोन्ही तापवायचे, मग तिथे तार टेकवायची. इस्त्रीच्या टोकावर सोल्डर वितळवून नेऊन फासू नये, फ्लक्स वाटेतच जळून जातो. नळकाम किंवा पत्र्याच्या कामाचे ॲसिडचे फ्लक्स बोर्डाला वापरू नका; कारखान्यांच्या उद्यमनगरात ते सहज हाताशी येते आणि पाऊस सुरू झाला की ट्रॅक हिरवे पडतात. साधे फ्लक्ससुद्धा आपल्याकडच्या जुलैत ओल धरते आणि १ मेगच्या जागांमधून करंट गळायला लागतो. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड पुसला की कित्येक गूढ खरखरी जातात. पट्ट्यांच्या बोर्डावर तोडलेल्या ट्रॅकमध्ये केसाएवढी तांब्याची तार राहते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. शेजारशेजारच्या प्रत्येक पट्टीवर बीप लावून पाहा. कपड्यांच्या इस्त्रीने टोनर उतरवून केलेला बोर्ड उलटा छापला गेला असेल तर तो फेकू नका, आयसी तांब्याच्या बाजूने बसवला की पाय जुळतात.

नव्याकोऱ्या पॉटची खरखर होत असेल तर पॉटला दोष देऊ नका, त्याच्यावर डीसी येतो आहे. व्हॉल्यूमच्या पॉटवर शून्य व्होल्ट हवेत. तसे नसेल तर त्याच्या आधीचा कपॅसिटर गळका किंवा उलटा आहे. स्विच दाबल्यावर टप्प आवाज येतो त्याला इनपुटपासून ग्राउंडपर्यंत १ मेगचा रेझिस्टर पुरतो. गेन वाढवल्यावर शिट्टी वाजते तेव्हा इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींना लगटलेल्या असतात किंवा पाय ८ आणि ४ मधला १०४ राहून गेलेला असतो. डबीला बोट लावले की घरघर बदलते, याचा अर्थ डबी ग्राउंडला नाही. प्लास्टिकचे जॅक वापरले की हे हमखास होते, वेगळी तार द्यावी लागते. अडॅप्टरची चिरचिर असेल तर सप्लायच्या तारेत १०० ओहम आणि मागे १०० मायक्रोफॅरड घाला, १६ हर्ट्झच्या वरचे बरेचसे तिथेच जिरते. फझमधून रेडिओ ऐकू येत असेल तर इनपुटला १० के आणि ग्राउंडला १०० पिकोफॅरड.

पण मंडपातली घरघर बोर्डाच्या दुरुस्तीने जात नाही आणि ती घालवायला ॲम्पच्या पिनेचा अर्थिंगचा पाय तोडणारे महाभाग आहेत, त्यांना आवरावे. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि समोर माइक असेल तर विजेची वाट ओठातून बोटांकडे जाते. वाजवणाऱ्याने गिटार हातात घेण्याआधी मीटर एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून एक प्रोब माइकच्या जाळीला आणि एक गिटारच्या तारेला टेकवावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी मंडपवाल्याला बोलवा.

शेवटचा मुद्दा पेडलवाल्यांनी क्वचितच विचारात घेतलेला, आणि आपल्या लेखातही नव्हता. बोर्डावरचे नको असलेले तांबे काढायला वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये काम झाल्यावर तांबे विरघळलेले असते. ते मोरीत ओतले की जयंती नाल्यातून पंचगंगेत. हे द्रावण प्लास्टिकच्याच भांड्यात ठेवा, स्टीलला ते खाते. एका भांड्यातून बरेच छोटे बोर्ड निघतात, म्हणून दर वेळी नवे करू नका. पुरते मंदावले की त्यात धुण्याचा सोडा थोडा-थोडा टाकत जा. फसफसते, म्हणून भांडे मोठे घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. फेस येणे थांबून गाळ खाली बसला की तो गाळ कापडातून गाळून वाळवा, बंद डब्यात भरून वर नाव लिहा आणि घातक कचरा म्हणूनच द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये असा एक डबा ठेवला तर घरी बोर्ड करणाऱ्या मुलांनाही तो आणून देता येईल.

— एक वाचक, कोल्हापूर